अभ्यासिकेतली पोरं, लांबलेल्या याद्या आणि आपण : नेमकं काय करायचं?

गिरणगावकर | सोमवार, रात्री १०.४०

लालबागमध्ये मंडळाची अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, चार पंखे, सकाळी सहा ते रात्री अकरा. येणारी पोरं सोळा ते चोवीस वयातली. कुणी नीट दुसऱ्यांदा देतंय, कुणी सीईटी देऊन कॅप राउंडच्या याद्यांकडे डोळे लावून बसलंय, बँक आणि रेल्वे भरतीवाले आहेतच. शिवाय हल्ली एक नवी जमात आलीय : ऑफर लेटर खिशात, पण रुजू व्हायची तारीख नाही. अभ्यासाचा ताण जुनाच आहे. हे वेगळं आहे. अभ्यास संपलाय आणि तरी मोकळं वाटत नाही, वाट बघणं हाच पूर्णवेळचा उद्योग.

कार्यकर्ते खुर्च्या लावतात, लाइटबिल भरतात. पोरांच्या मनाच्या बाबतीत त्यांनी काय करावं आणि कशाला अजिबात हात लावू नये? व्याख्यान नको, 'सकारात्मक राहा' तर नकोच. समोरचा पोरगा तासभर एकाच पानाकडे बघतोय, तर पुढची पायरी काय, ते सांगा. भिंतीवर एक कागद लावायचाय. त्यावर काय लिहावं तेही सुचवा.

आगाऊ_कार्टं | सोमवार, रात्री १०.५२

चाळीस पोरांना चार पंखे? आधी ते बघा. निम्मा ताण तिथेच उतरेल.

ओपीडी_नंबर_९ | सोमवार, रात्री ११.३०

कार्टं चेष्टेत बोललं, पण खोटं नाही. उकाडा आणि अपुरी झोप यांनी कुणाचंही डोकं फिरतं.

आधी ताण कुठे संपतो ते बघू. निकालाआधी झोप उडणं, पोटात गोळा येणं, दोन दिवस जेवण न जाणं हा ताण झाला, आजार नव्हे. यादी लागली, मित्रांबरोबर वडापाव झाला की उतरतो. दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ तेच चाललंय आणि रोजचं काम अडतंय, असं दिसलं की मात्र थांबून बघायचं.

या वयात उदासी रडव्या चेहऱ्यानेच येते असं नाही. बऱ्याचदा ती चिडचिड होऊन येते. आईवर ओरडणं, अंघोळीला टाळाटाळ, संध्याकाळच्या क्रिकेटला दांडी, महिनाभर चाललेली डोकेदुखी किंवा पोटदुखी, आणि 'कशाला पण' हे उत्तर. यातली एखादी गोष्ट म्हणजे काहीच नाही. तीनचार एकदम दिसल्या तर बाजूला बसून विचारावं.

तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी आईबापांकडेही नसते : हजेरीची वही. एका पानाकडे बघणारा पोरगा निदान डोळ्यांसमोर तरी आहे. जास्त काळजी रोज येणारा अचानक यायचा बंद होतो त्याची. चार दिवस कुणी दिसलं नाही तर एक फोन करा. 'का आला नाहीस' असं नाही विचारायचं, 'तुझी खुर्ची ठेवलीय, उद्या येतोस का' एवढंच म्हणायचं.

लिंबाचं_लोणचं | मंगळवार, सकाळी ८.०५

हजेरीचं पटलं. पण एक सांगा, परीक्षेची भीती वाटली तरी लगेच 'मानसिक आरोग्य'? वाट बघणं काय आज सुरू झालं? सगळ्यालाच आजाराचं लेबल लावलं तर पोरं अजून हळवी होतील.

ओपीडी_नंबर_९ | मंगळवार, सकाळी ८.४०

लोणचंताई, अर्धं मान्य. अभ्यासिकेतल्या बहुतेक पोरांना डॉक्टर लागणारच नाही. झोप, हालचाल, एखादा ऐकणारा माणूस एवढ्यावर भागेल. म्हणून तर वर दोन आठवड्यांची मोजपट्टी दिली. पण ज्यांना खरंच लागतो, ती पोरं लाजेने महिनोन् महिने काढतात. लेबल कशाला लावायचं नाही याची जेवढी काळजी घेतो, तेवढीच याचीही घ्यायला हवी.

साडेनऊची_लोकल | मंगळवार, दुपारी १.१५

धागाकर्त्याने वाट बघण्याचं म्हटलंय, त्यावर. २०२४ चा जून आठवा. ४ जूनला नीटचा निकाल, मग गोंधळ, मग २३ जूनला १५६३ जणांची फेरपरीक्षा. यूजीसी-नेट १८ जूनला झाली आणि १९ ला रद्द. नीट-पीजी २३ ला होती, ती २२ च्या रात्री पुढे ढकलली, पोरं परगावच्या लॉजवर पोचलेली. अशा वेळी 'मेहनत कर, फळ मिळेल' हे वाक्य पोरांना खोटं वाटतं, कारण ते खोटं ठरलेलंच असतं.

चुकतं ते धीर देण्यात. पोरगं विचारतं, 'मिळेल ना सीट?' आपण म्हणतो, 'मिळेल रे, नक्की.' दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तोच प्रश्न. दर वेळी धीराचा डोस वाढवावा लागतो आणि त्याची अनिश्चितता सोसायची ताकद तेवढीच कमी होते. त्यापेक्षा सरळ म्हणावं, 'मला माहीत नाही. पण यादी लागली की आपण दोघं बसून बघू.' पहिल्या वाक्यात खरेपणा आहे, दुसऱ्यात सोबत आहे. दोन्ही लागतात.

मग एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तारखा आणि आपल्या हातातल्या गोष्टी : कागदपत्रांच्या झेरॉक्स, जात पडताळणी, फी भरायची मुदत, पसंतीक्रम. उजवीकडे ज्यावर कुणाचंच चालत नाही : कटऑफ, कोर्टाची तारीख, कंपनीचा निर्णय. डावीकडचं एक काम आज करायचं. उजवीकडच्या काळजीला दिवसातली वीस मिनिटं नेमून द्यायची, रोज ठरलेल्या वेळी, लिहून. बाकी वेळी काळजी आली तर 'साडेपाचला बघू' म्हणून कागदावर एक शब्द टिपून पुढे जायचं. पहिले चारपाच दिवस हे हास्यास्पद वाटतं आणि जमतही नाही, तिथेच बहुतेक जण सोडतात. आठवडाभर रेटावं लागतं. आणि ही वेळ झोपण्याआधीची मुळीच नको.

संकेतस्थळ बघायचं ते दिवसातून दोनदा. दर पाच मिनिटांनी रिफ्रेश केल्याने यादी लवकर लागत नाही.

कटिंग_मारके | मंगळवार, दुपारी १.२२

रिफ्रेशचं पोरांपेक्षा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला सांगा. तिथे कटऑफ रोज दोन टक्के वाढतो आणि रात्री 'आतल्या गोटातून' खाली येतो.

मी_विरारची | मंगळवार, दुपारी ३.००

+१. कटऑफचा अंदाज सांगणारे टेलिग्राम ग्रुप महिनाभर म्यूट. बाहेर पडायला सांगितलं तर पोरं ऐकत नाहीत, म्यूटला तयार होतात.

शेजारच्या काकूंच्या 'किती पडले?' या प्रश्नावरही एक ठरलेलं वाक्य घोटून ठेवावं. 'यादी लागली की पेढे घेऊन येतो.' संपलं. आयत्या वेळी उत्तर शोधण्यातच जीव जातो.

आणि दहावीवाल्यांना एक आठवण : एकदोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, पुरवणी परीक्षाही त्याच वर्षी होते. रात्री दोन वाजता 'वर्ष गेलं' हे जे डोक्यात घुमतं, ते बऱ्याचदा हिशेबानेच चूक असतं.

पाटी_पेन्सिल | मंगळवार, रात्री ९.१०

ऑफर लेटरवाल्यांबद्दल कुणी बोललं नाही. त्यांचं दुखणं निराळं आहे. त्यांना दिवसच नाही. उठायला कारण नाही, म्हणून उशिरा उठतात. उशिरा उठले की लाज वाटते, लाज वाटते म्हणून कुणाला भेटत नाहीत, भेटत नाहीत म्हणून अजून उदास. 'बरं वाटलं की सुरू करीन' म्हणत बसलं तर हे चक्र सुटत नाही. आधी कृती, मग बरं वाटणं, असा उलटा क्रम ठेवावा लागतो.

रोज तीन गोष्टी, घड्याळाकडे बघून, मूडकडे बघून नाही. एक अंगाची, म्हणजे वीस मिनिटं चालणं. एक उपयोगाची, बँकेचं काम, एखादा अर्ज किंवा घरातली भाजी आणणं. एक माणसांतली. आणि प्रत्येक गोष्ट इतकी लहान की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. 'रोज पाच किलोमीटर धावणार' असं ठरवणारा तिसऱ्या दिवशी बसतो आणि स्वतःला अजून शिव्या घालतो. 'चपला घालून भारतमाताच्या सिग्नलपर्यंत' हे चालतं. कंपनीला ईमेल पंधरा दिवसांतून एकच, तारीख ठरवून. रोज पाठवून उत्तर येत नाही, फक्त रोज नकार मिळाल्यासारखं वाटतं.

गिरणगावकर, या पोरांना अभ्यासिकेत काम द्या. नववीच्या दोन पोरांना गणित शिकवायला सांगितलं की त्यांना उठायला कारण मिळतं.

दीड_खोली | मंगळवार, रात्री १०.००

झोपेबद्दल वर सगळे बोलून गेले, पण कुणी नीट सांगितलं नाही. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, म्हणून रात्री अकराला झोप न येणं हा आळशीपणा नव्हे. 'लवकर झोप' सांगून उपयोग नाही, झोप हुकमाने येत नाही. उठायची वेळ मात्र आपल्या हातात असते. ती रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा हलवायची नाही. उठल्यावर वीसतीस मिनिटं उजेडात, गॅलरीत किंवा गच्चीवर. वेळ मागे आणायची तर दर दोनतीन दिवसांनी पंधरा मिनिटं, एकदम दोन तास नाही. दुपारची डुलकी वीस मिनिटं, तीनच्या आत. अंथरुणात वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करायचं. नाहीतर अंथरूण म्हणजे जागायची जागा असं डोकं शिकतं.

फोन चार्जिंगला ओट्याजवळ. गजराचं घड्याळ वेगळं घ्या, नाहीतर 'गजरासाठी' म्हणून फोन उशाशी येतोच.

आगाऊ_कार्टं | मंगळवार, रात्री १०.०६

दहा बाय दहाच्या खोलीत ओटा आणि उशी यांत चार फुटांचं अंतर असतं. हलके घ्या.

चाळ_नं_तीन | मंगळवार, रात्री १०.३१

कार्टं हसण्यावारी नेतंय, पण माझा आक्षेप तोच आहे. पाच माणसं, एक खोली, समोरच्या घरात टीव्ही, मधल्या गल्लीत बाइक. शांतता मिळते ती रात्री अकरा ते दोन. पोरं त्या वेळी अभ्यास करतात ते नाइलाजाने. त्यांना झोपेचं शास्त्र सांगणं म्हणजे नळाला पाणी नसलेल्याला शॉवरचे फायदे सांगणं.

दीड_खोली | मंगळवार, रात्री ११.१५

मुद्दा बिनतोड. मग असं : दोनला झोपून दहाला उठणं चालेल, पण रोज तसंच. सोमवारी दहा, मंगळवारी सहा, बुधवारी बारा, याने जास्त बिघडतं. त्यातही कधी झोपला त्यापेक्षा किती वाजता उठला हे धरून ठेवा. परीक्षेच्या दोन आठवडे आधी मात्र पेपरच्या वेळेकडे सरकायला सुरुवात करायची. नीट दुपारी दोनला असते, तिथे फारसा प्रश्न नाही. सीईटीची सकाळची पाळी आली तर दहाला उठणाऱ्या मेंदूचं काही खरं नाही.

खरा उपाय गिरणगावकरांच्या हातात आहे. अभ्यासिका घरातल्या गोंगाटाच्या वेळात, संध्याकाळी सात ते अकरा, फक्त अभ्यासासाठी शांत ठेवा. तेव्हा मंडळाच्या बैठका नकोत.

गिरणगावकर | मंगळवार, रात्री ११.२०

बैठकांचं मुकाट्याने लिहून घेतलं. जुलैत ढोलपथकाचा सराव सुरू होतो, त्याचं काय करायचं ते मात्र तुम्हीच सांगा.

कटिंग_मारके | मंगळवार, रात्री ११.२४

ढोलावर कुठलंच शास्त्र चालत नाही.

अवांतर : अभ्यासिकेखालच्या टपरीवर रात्री दहाला चहा मिळतो. तो बंद करायचा म्हणालात तर बंड होईल.

दीड_खोली | मंगळवार, रात्री ११.४०

बंद नको, पुढे आणा. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं अकराला अंगात असतं. कटिंगमध्ये थोडंच असतं, पण दिवसाला आठ कटिंग आणि वर एनर्जी ड्रिंकचा डबा, म्हणजे मग छातीत धडधड, आणि ती धडधड पोराला भीती वाटते. शेवटचा चहा चारपाचला.

मी_विरारची | बुधवार, सकाळी ७.५०

धडधडीवरून. गर्दीच्या लोकलमध्ये अचानक श्वास कोंडणं, हात बधिर, 'आता मरतो' असं वाटणं, असं झालेली पोरं गाडीच सोडून देतात. मग क्लास सुटतो, मग कॉलेज. त्यावर कुणी जाणकाराने लिहावं.

ओपीडी_नंबर_९ | बुधवार, दुपारी २.१०

पहिल्यांदा झालं तर आधी डॉक्टरकडे. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या. रक्त कमी असणं आणि वाढलेला थायरॉइड अशीच सोंगं आणतात. ते ठीक निघालं तर हा भीतीचा झटका. साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो. त्याने जीव जात नाही.

त्या क्षणी नाकाने चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत सावकाश बाहेर, पाच मिनिटं. लांबवायचा तो बाहेर सोडायचा श्वास. 'खोल श्वास घे, घे' म्हणत राहिलं तर पोरं भराभरा ओढतात आणि मुंग्या वाढतात. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावणं नको. असह्य झालं तर पुढच्या स्टेशनवर उतरून बाकावर बसावं, पाणी प्यावं, आणि पुढची गाडी पकडावी. टॅक्सीने घरी गेलं की मेंदू शिकतो, 'बघ, गाडी सोडली म्हणून वाचलो.'

गाडी सुटलीच असेल तर परत पायरीपायरीने. दुपारची स्लो, एकच स्टेशन, दादर ते माटुंगा, सोबतीने. भीती निम्म्यावर येईपर्यंत तेच रोज. मग एकटं. मग तीन स्टेशनं. मग गर्दीची वेळ. सगळ्यात शेवटी फास्ट, कारण तिच्यात दोन थांब्यांमधलं अंतर जास्त. दरवाजात लटकून 'हवा खाणं' यात बसत नाही. पायरी उडी मारून चढायची नाही, आणि दोन दिवस जमलं नाही म्हणून महिनाभर सोडायचीही नाही.

लिंबाचं_लोणचं | बुधवार, दुपारी ३.३०

हे छान समजावलंत. माझा दुसरा प्रश्न अवघड आहे. पोरगं म्हणालं, 'जगून काय करायचं', तर कार्यकर्त्याने पुढे विचारावं का? माझं मत नाही. अशाने विचार नव्याने डोक्यात भरेल. आपण डॉक्टर नव्हे, सरळ घरी कळवावं.

निशिगंध_ | बुधवार, सायंकाळी ६.००

इथे ठाम असहमत. विचारल्याने विचार डोक्यात जात नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याने सुटका वाटते. आडून विचारू नका. 'असं वेडंवाकडं तर काही करणार नाहीस ना?' यात 'नाही' हे उत्तर आपणच भरवतो. शांत आवाजात, सरळ : 'मरून जावं असं वाटतं का? आत्महत्येचा विचार येतो का?' 'हो' म्हटलं तर पुढे : कधीपासून, काही ठरवलंय का, आज वाटतंय का. मग गप्प बसून ऐका. 'आईबापांचा विचार कर', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले' ही वाक्यं गिळून टाका. पोरगं आईबापांच्या विचारानेच पिचलेलं असतं.

काही ठरवलंय किंवा आजच वाटतंय, तर एकटं सोडायचं नाही. घरचं विश्वासाचं माणूस बोलवायचं आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं, तो रात्रीही उघडा असतो. लोणचंताई म्हणतात तसं घरी कळवायचंच, पण पोराला सांगून, शक्यतो त्याच्यासमोर. 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ कधीच घेऊ नका. घरात औषधांचा डबा असेल तर तो कुलपात, पोराची औषधं मोठ्यांच्या ताब्यात, आठवड्यापुरतीच.

'मी जिवाचं बरंवाईट करणार नाही' असं लिहून घेण्याचा काही उपयोग नाही. लिहायचं ते वेगळं. स्टॅन्ली आणि ब्राऊन यांचा सुरक्षा आराखडा सहा टप्प्यांचा आहे : धोक्याच्या खुणा कोणत्या, एकट्याने काय करून बघेन, कुठे आणि कुणाबरोबर लक्ष दुसरीकडे जाईल, कुणाकडे मदत मागेन, कोणता डॉक्टर किंवा हेल्पलाइन, घर सुरक्षित कसं ठेवायचं. तो जाणकाराबरोबर बसून, पोराच्या शब्दांत लिहायचा आणि फोनमध्ये फोटो ठेवायचा.

कायद्याची भीतीही काढून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. 'पोलिसकेस होईल' म्हणून रुग्णालय टाळणं सगळ्यात घातक.

लिंबाचं_लोणचं | बुधवार, सायंकाळी ६.४५

'वेडंवाकडं तर नाही ना' हेच तोंडात आलं असतं. मत बदललं. पण विचारणारा कार्यकर्ता कोण असावा हे ठरवा, ज्याने त्याने नको.

निशिगंध_ | बुधवार, सायंकाळी ७.१०

अगदी बरोबर. दोघंजण नेमा, त्यात एक बाई हवीच. बोलणं अभ्यासिकेच्या कोपऱ्यात, दार उघडं, आवाज जाणार नाही पण दिसेल असं. पोराचं नाव ग्रुपवर, वहीत, बैठकीत कुठेही नाही. एक अपवाद पक्का : अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

भाऊ_परळ | बुधवार, रात्री ९.३०

उपचार कुठे, यावर माहिती. पालिकेची केईएम, नायर, सायन, कूपर आणि सरकारी जेजे, सगळीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा. केस पेपरची रांग आधी, विभागाची नंतर. पहिल्या खेपेला अर्धा दिवस जातो, कारण पूर्ण इतिहास विचारतात. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या. पुढच्या खेपा त्याच युनिटच्या वाराला असतात. दुसऱ्या वारी गेलात की नवा डॉक्टर, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. लोक इथेच कंटाळून सोडतात. केस पेपरवर वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आणि पालकांनी 'पाच मिनिटं याच्याशी एकट्याने बोला' असं स्वतः डॉक्टरांना म्हणावं. आई शेजारी असताना कोण काय बोलणार?

फोनवर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर वरच्या तज्ज्ञाकडे जोडून देतात. टाटा समाजविज्ञान संस्थेची (टिस) आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइन आहे. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, १९९० पासून.

चाळ_नं_तीन | बुधवार, रात्री ९.४४

दीड खोलीत फोन कुठून करायचा हाही प्रश्नच आहे.

भाऊ_परळ | बुधवार, रात्री ९.५०

अभ्यासिका बंद झाल्यावर अर्धा तास चावी त्या दोघांपैकी एकाने जवळ ठेवावी. पोरगं आत बोलेल, तो बाहेर पायरीवर बसेल. यापेक्षा मोठी सेवा मंडळ करू शकत नाही.

पाटी_पेन्सिल | बुधवार, रात्री १०.१५

खासगीत जाणाऱ्यांनी पाटी वाचावी. औषध लिहिणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारायला लाजू नका. 'काउन्सेलर' आणि 'लाइफ कोच' या पाट्या चार दिवसांच्या कोर्सवरही लागतात.

कॉलेजलाही विचारा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलंय. नेमलाय का, कुठे बसतो, असा लेखी अर्ज करा.

कटिंग_मारके | बुधवार, रात्री १०.२०

गोळ्यांची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा अश्वगंधा काय वाईट?

ओपीडी_नंबर_९ | बुधवार, रात्री ११.०५

नैराश्यावर पहिल्यांदा देतात त्या एसएसआरआय गटाच्या गोळ्यांची नशा किंवा चटक लागत नाही. झोपेच्या गोळ्यांची लागते, म्हणून शेजारच्या काकांच्या पट्टीतली अर्धी गोळी कधीही नको. एसएसआरआयचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. मळमळ, अस्वस्थता पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि पोरं बरोबर मधल्या काळात सोडतात. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे बारीक लक्ष हवं. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटल्यावरही पुढे काही महिने चालतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्याने, हळूहळू. एकदम बंद केल्या की चक्कर, डोक्यात झिणझिण्या.

अश्वगंधा थायरॉइडवर आणि कधी यकृतावर परिणाम करते. घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

दीड_खोली | बुधवार, रात्री ११.२०

विम्याबद्दल एका ओळीत : २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यावं लागतं, पण साध्या पॉलिसीत ओपीडीच नसते, त्यामुळे ॲडमिट न होता घेतलेल्या सेशनचे पैसे बहुधा खिशातूनच.

पाटी_पेन्सिल | गुरुवार, सकाळी ९.००

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची प्रश्नावली छापून वाटावी का?

ओपीडी_नंबर_९ | गुरुवार, दुपारी १.३०

वाटू नका. नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन, एकूण सत्तावीस. दहा किंवा वर आले तर तज्ज्ञाला दाखवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी बोलायचं. चाळीस कागद एकदम गोळा केलेत तर नववा प्रश्न रात्री कोण वाचणार? आणि शेजारी मित्र बसला की सगळे शून्य भरतात. त्या दोन नेमलेल्यांनी समोरासमोर, एकेकाला, तेही आधी शिकून घेऊन.

गिरणगावकर | गुरुवार, रात्री १०.१०

सगळ्यांना दंडवत. मूळ प्रश्नाकडे येतो. ठरवलेलं असं : चार दिवसांच्या गैरहजेरीवर फोन, दोन माणसं नेमायची, त्यांना एखाद्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडून शिकवून घ्यायचं, अकरानंतर अर्धा तास खोली मोकळी, ऑफर लेटरवाल्यांना नववीचे वर्ग. एका पानाकडे बघणाऱ्याला 'चल, चहा घेऊ', चारच्या आत. पंख्यांसाठी वर्गणी सुरू. कागदाचा मजकूर :

'झोप लागत नाही, मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही, काहीही असो, १४४१६ वर मराठीत बोलता येतं. फुकट. चोवीस तास. इथे बोलायचं असेल तर अमुक ताई, तमुक दादा. रात्री अकरानंतर फोनसाठी खोली मिळेल, कारण विचारलं जाणार नाही.'

सूचना फलकावर लावतो उद्या.

निशिगंध_ | गुरुवार, रात्री १०.२५

मजकूर चांगला. 'जगावंसं वाटत नाही' ठेवलंत ते बरं केलंत. पण फलकावर नको. चाळीस जणांसमोर त्या कागदाचा फोटो कोण काढेल? संडासाच्या दाराला आतल्या बाजूने लावा, डोळ्यांच्या उंचीवर. तिथे माणूस एकटा असतो आणि हातात फोन असतोच.

आगाऊ_कार्टं | गुरुवार, रात्री १०.२८

लॅमिनेट करा. आणि आधी बघा, कडी आतून लागते ना?

गिरणगावकर | गुरुवार, रात्री १०.३३

नाही लागत. उद्या सुतार बोलावतो.